तिकीट कोणी द्यायचं? अमेरिकेतल्या प्रायमरीची गोष्ट

जूनमधला मंगळवार होता. ऑफिसातून परत येताना मी आमच्या इथल्या शाळेत शिरलो. नागरिकत्व मिळाल्यानंतरचं माझं पहिलंच मतदान. टेबलामागच्या आजीबाईंनी यादीत बोट फिरवत माझं नाव शोधलं आणि विचारलं, "डेमोक्रॅट की रिपब्लिकन?" मी गडबडलो. मत गुप्त असतं, हे नागरिकशास्त्रात घोकलेलं. म्हटलं, "ते मी आत जाऊन ठरवणार आहे." त्या हसल्या. "आत जायला आधी तेच सांगावं लागतं."

रात्री सांगलीला फोन लावला. अण्णांना हा प्रकार अजिबात पटला नाही. "म्हणजे तू कुठल्या पक्षाचा हे सरकारदरबारी लिहून दिलंस? आणि सरकारने ते जपून ठेवलं?" हो, तसंच. पुढे २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदाची धामधूम झाली, तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तोच गोंधळ दुसऱ्या बाजूने आला: निवडणूक नोव्हेंबरात, मग झोहरान ममदानी जूनमध्येच कसे जिंकले? गुलाल कसला उधळताय?

त्या जूनमध्ये झाली ती प्रायमरी. मी न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) राहतो. इथे राहून, मतं देऊन आणि लोकांच्या दारात सह्यांसाठी उभं राहून मला ती जशी कळली तशी सांगतो.

आधी तिकीट, मग निवडणूक

आपल्याकडे उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दोन दिवसांत काय चालतं ते आठवा. इच्छुकांच्या मुलाखती झालेल्या असतात, यादी मात्र मुंबईत नाहीतर दिल्लीत अडकलेली. मग एबी फॉर्म येतो. 'ए' म्हणजे पक्षाच्या वतीने सही कोण करणार त्याचा कागद, 'बी' म्हणजे उमेदवाराचं नाव. ज्याच्या हातात तो पडला तो अधिकृत. बाकीचे एकतर बंडखोर, नाहीतर घरी जाऊन दार लावून बसलेले. यादीवर शेवटचा हात कोणाचा फिरला, हे मतदाराला कधीच कळत नाही.

प्रायमरी म्हणजे हा एबी फॉर्म कोणाला द्यायचा याचीच निवडणूक. एका पक्षाचे तीन-चार इच्छुक एकमेकांविरुद्ध उभे राहतात आणि सामान्य मतदार त्यांच्यातला एक निवडतात. केंद्रं, मतपत्रिका, मोजणी सगळं सरकारी यंत्रणेचं आणि साधारणपणे सरकारी खर्चाने. जो जिंकतो त्याच्या नावापुढे नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर पक्षाचं नाव लागतं. पक्षाध्यक्षांना तो आवडला नाही तरी चालवून घ्यावा लागतो, एबी फॉर्म फाडून टाकायची सोय नाही.

राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीचा मामला थोडा वेगळा, तिथे मतदार पक्षाच्या अधिवेशनासाठी प्रतिनिधी ठरवतात. बातम्यांत तीच जास्त दिसते. पण महापौर, आमदार, काउंटीचा शेरीफ यांच्या प्रायमऱ्या दरवर्षी कुठे ना कुठे चालू असतात, आणि आपल्यासारख्या माणसाचं वजन पडतं ते तिथे.

हे आलं कुठून?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथेही तिकिटं बंद खोलीतच वाटली जात. शहरोशहरी पक्षाचे 'बॉस' असत. न्यूयॉर्कची 'टॅमनी हॉल' ही पक्षसंघटना त्यासाठी कुप्रसिद्ध. त्याविरुद्ध ओरड झाली आणि विस्कॉन्सिन राज्याने, गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांच्या पुढाकाराने, १९०३ मध्ये राज्यभर प्रायमरी सक्तीची करणारा कायदा केला. लोकांनी पुढच्या वर्षी त्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि पाठोपाठ इतर राज्यं निघाली.

मात्र दार उघडताना ते कोणासाठी उघडलं, हेही सांगायला हवं. टेक्सासमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी फक्त गोऱ्यांसाठी होती. काळ्या माणसाला नोव्हेंबरात मत देता येईल म्हणे! पण तिथे डेमोक्रॅट उमेदवार निवडून येणार हे ठरलेलंच असल्याने त्या मताला काही अर्थ नव्हता. 'पक्ष ही खाजगी संस्था, सभासद कोणाला करायचं ते आम्ही बघू,' असा बचाव. ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ कोर्टात गेले आणि १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती प्रथा घटनाबाह्य ठरवली. खरी निवड प्रायमरीत होते, म्हणून तिथून कोणाला हाकलता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा.

नोव्हेंबर निव्वळ औपचारिक

अमेरिकेतले बरेच मतदारसंघ आजही एकाच पक्षाचे बालेकिल्ले आहेत. अशा ठिकाणी तिकीट मिळालं की पेढे वाटायला मोकळे.

२०१८ चं न्यूयॉर्क घ्या. क्वीन्स आणि ब्रॉन्क्समधल्या मतदारसंघात डेमोक्रॅट जो क्राउली दहा वेळा निवडून आलेले, संसदेतले पक्षाचे बडे नेते. प्रायमरीत त्यांच्यासमोर अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझ उभ्या राहिल्या, वय २८, थोड्याच दिवसांपूर्वीपर्यंत बारमध्ये काम करणाऱ्या. मतदारसंघाची वस्ती सात लाखांच्या घरात. त्यांना मतं पडली सुमारे १७ हजार, क्राउलींना सुमारे १३ हजार. चार हजारांच्या फरकाने एक मातब्बर घरी बसले! नोव्हेंबरात पुढे काय झालं ते सांगायलाही नको. आपल्याकडे महापालिकेच्या मोठ्या प्रभागातसुद्धा १७ हजार मतांवर हमखास निवडून येण्याची खात्री कोणी देणार नाही.

ग्रुपवरच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. न्यूयॉर्क शहरात नोंदणीकृत डेमोक्रॅट तीस लाखांहून अधिक. २०२५ च्या जूनमध्ये त्यांतले दहा लाखांवर मतदानाला आले, तरी तो गेल्या तीन दशकांतला सगळ्यात मोठा आकडा मानला गेला. म्हणजे तीनांतले दोन डेमोक्रॅट घरीच बसले आणि उरलेल्याने उमेदवार ठरवला.

चिकोडीहून डेट्रॉइटला

मराठी वाचकाला हे सगळं एका माणसात दिसेल. श्री ठाणेदार. जन्म चिकोडीचा, वाढले बेळगावात, अमेरिकेत रसायनशास्त्र शिकून उद्योग उभा केला. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरी लढले आणि तिसरे आले. २०२० मध्ये राज्याच्या विधानसभेत गेले. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या संसदीय मतदारसंघात नऊ जणांच्या गर्दीत उतरले आणि अवघ्या २८ टक्के मतांवर जिंकले. बाकीच्या आठांत मतं वाटली गेली. नोव्हेंबरात तेच ७० टक्क्यांच्या पुढे गेले, कारण तो मतदारसंघच डेमोक्रॅटांचा.

बेळगावात पेढे वाटले गेले असतील तर आश्चर्य नाही. डेट्रॉइटमध्ये मात्र अनेकांना हे लागलं. कृष्णवर्णीयांची एवढी मोठी वस्ती असलेल्या शहरातून जवळजवळ सत्तर वर्षांत पहिल्यांदा एकही कृष्णवर्णीय खासदार नव्हता. ठाणेदारांनी नियमाबाहेर काही केलं नव्हतं. पण चारांतल्या तिघांनी ज्याला मत दिलं नाही तो आपला प्रतिनिधी, ही बोच खोटी म्हणता येत नाही. न्यूयॉर्कने शहरी निवडणुकांसाठी यावर उपाय काढला: मतदार पाचांपर्यंत पसंतीक्रम लावतो, शेवटचा बाद होतो, त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात. आपल्या विधान परिषदेच्या मतमोजणीचा भाऊच. दक्षिणेतली काही राज्यं पहिल्या दोघांत पुन्हा निवडणूक घेतात. मिशिगनमध्ये यातलं काहीच नाही.

आत कोणाला सोडतात?

हे राज्यागणिक बदलतं, आणि फजिती होते ती इथेच.

न्यूयॉर्कचं दार बंद. ज्या पक्षात नाव नोंदलेलं, त्याच पक्षाच्या प्रायमरीत मत. जूनच्या प्रायमरीआधी पक्ष बदलायचा असेल तर १४ फेब्रुवारीपर्यंत. चुकला तो चुकला. २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या इव्हान्का आणि एरिक या मुलांना न्यूयॉर्कच्या प्रायमरीत स्वतःच्या बापाला मत देता आलं नव्हतं. पक्ष बदलायची तारीख त्यांनी घालवली होती. तेव्हा तारखा चुकल्याबद्दल कोणी फार वाईट वाटून घेऊ नये.

मिशिगनचं दार उघडं. तिथे पक्षनोंदणीच नाही. मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने असतात, आत गेल्यावर कुठल्याही एकात खुणा करायच्या. दोन्हींकडे केल्या तर ती पक्षीय मतं बाद. कॅलिफोर्नियात बहुतेक पदांसाठी सगळे पक्ष एकाच ताटात आणि पहिले दोन नोव्हेंबरात, मग ते दोघे एकाच पक्षाचे का असेनात.

आमच्या न्यू जर्सीचं दार अर्धवट उघडं. माझ्यासारखा कुठल्याच पक्षात नसलेला माणूस त्याच दिवशी, त्याच टेबलावर पक्ष सांगून आत जाऊ शकतो. पण एकदा सांगितलं की तो शिक्का राहतो. पुढे पक्ष बदलायचा तर प्रायमरीच्या ५५ दिवस आधी फॉर्म द्यावा लागतो. आणि मुळात मतदारयादीत नाव यायला किमान २१ दिवस आधी अर्ज.

अण्णांच्या शंकेचं उत्तर असं, की पक्ष कोणता हे यादीत दिसतं, मत कोणाला दिलं हे कुठेच दिसत नाही. त्यावर ते म्हणाले, "आमच्या गल्लीत कोण कुठल्या पक्षाचा हे यादीशिवायही कळतं." खरंय.

सह्यांची वही

मतदान ही सहभागाची सगळ्यात सोपी पायरी. त्याआधी इच्छुकाचं नाव प्रायमरीच्या मतपत्रिकेवर यायला मतदारांच्या सह्या लागतात. पदानुसार आकडा वेगळा.

एका वसंतात आमच्या ओळखीची एक बाई नगर परिषदेसाठी उभी राहिली, तिच्यासाठी मी सह्या गोळा करत फिरलो. हातात पॅड, त्याला सुतळीने बांधलेलं पेन. चौथ्या घरी एका मराठी काकूंनी चहा दिला, झोकात सही केली आणि पेन तसंच हातात धरून विचारलं, "यांची पण करून टाकू का? बाहेर गेलेत." वर्षानुवर्षं गॅसपासून शाळेच्या प्रगतिपुस्तकापर्यंत घरातल्या कोणाच्याही सह्या कोणीही केलेल्या, त्यांच्या दृष्टीने त्यात काही गैर नव्हतं. मी घाईघाईने पॅड काढून घेतलं. इथे तो गुन्हा. शिवाय सह्या गोळा करणाऱ्याला 'या माझ्यासमोर झाल्या' असं लिहून द्यावं लागतं, म्हणजे काकूंबरोबर मीही अडकलो असतो.

ही वही क्षुल्लक वाटते, पण २०२४ मध्ये ठाणेदारांचे तगडे प्रतिस्पर्धी ॲडम हॉलिअर प्रायमरीपर्यंत पोचलेच नाहीत. संसदेसाठी हजार वैध सह्या हव्या होत्या. दिल्या हजाराहून जास्त, पण छाननीत इतक्या बाद झाल्या की नावच मतपत्रिकेवर आलं नाही. म्हणून जाणकार नेहमी गरजेच्या दीडपट-दुप्पट सह्या घेतात. एखाद्या शनिवारी दोन तास वही घेऊन फिरणारा माणूस प्रचारात सोन्यासारखा, हे मी अनुभवाने सांगतो.

लाइन: मतपत्रिकेतली खाच

आता न्यू जर्सीची खास चीज. पहिल्या वर्षी घरी नमुना मतपत्रिका आली तेव्हा मी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून बसलो. एका रकान्यात गव्हर्नरपासून नगर परिषदेपर्यंतच्या पदांची नावं एकाखाली एक, शिस्तीत. आणि एखादंच नाव लांब, दोन रिकामे रकाने सोडून, पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं कोपऱ्यात. मला वाटलं, छपाईची चूक.

चूक कसली! काउंटीच्या पक्षसंघटनेने ज्यांना पाठिंबा दिला ते सगळे एका ओळीत छापायचे, हीच 'लाइन'. बाकीचे दूरच्या रकान्यात. त्या जागेला इथले लोक 'बॅलट सायबेरिया' म्हणत. मतदार वरची ओळखीची नावं बघतो आणि तीच रांग खाली दाबत जातो. कागदावर निवडणूक खुली, पण कागदाची मांडणी पक्षाच्या हातात. राज्यातल्या २१ पैकी १९ काउंट्यांत हे वर्षानुवर्षं चाललं.

२०२४ मध्ये सिनेटच्या जागेसाठी खासदार अँडी किम उभे राहिले. समोर गव्हर्नरांच्या पत्नी टॅमी मर्फी, पूर्वी कधी निवडणूक न लढवलेल्या, पण मोठमोठ्या काउंट्यांच्या अध्यक्षांनी त्यांना पटापट पाठिंबा दिलेला. आपल्याकडच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नकोच. किम कोर्टात गेले. मार्चमध्ये टॅमी मर्फींनी माघार घेतली, आणि त्याच महिन्याच्या शेवटी संघीय न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीत लाइन वापरायला मनाई केली. किम जूनमध्ये जिंकले, नोव्हेंबरातही. २०२५ मध्ये कायदा आला: पद एका चौकटीत आणि त्या पदाचे सगळे उमेदवार त्याच चौकटीत. त्या जूनची मतपत्रिका मी पाहिली तेव्हा पहिल्यांदा प्रत्येक नाव वाचावं लागलं.

सगळ्यात छोटं पद

त्या मतपत्रिकेच्या तळाशी एक पद असतं, तिकडे कोणी बघत नाही: काउंटी कमिटी सदस्य. प्रत्येक मतदान विभागातून, म्हणजे चार-पाच गल्ल्यांच्या टापूतून, पक्षाचे दोन. पगार शून्य. निवड प्रायमरीतच होते आणि उभं राहायला मोजक्या सह्या पुरतात. बऱ्याच ठिकाणी समोर कोणी नसतं, काही जागा तर रिकाम्याच राहतात.

करतात काय हे लोक? काउंटीचा पक्षाध्यक्ष निवडतात. तोच अध्यक्ष, ज्याच्या पाठिंब्यासाठी गव्हर्नर व्हायला निघालेले लोक रांगेत उभे राहतात. आणि राज्याचा आमदार मधेच पद सोडून गेला तर त्याच्या जागी तात्पुरता कोण, तेही हेच ठरवतात. तेव्हा जनतेला कोणी विचारत नाही, एका सभागृहात जमलेले काही शे लोक आमदार नेमतात. मिशिगनमध्ये याचा भाऊबंद 'प्रिसिंक्ट डेलिगेट'. सम वर्षाच्या ऑगस्टमध्ये निवड, फी नाही, सह्याही नाहीत, एक प्रतिज्ञापत्र भरायचं.

आपल्या बूथप्रमुखाशी याची तुलना होईल, पण बूथप्रमुखाला वरून नेमतात आणि वरूनच काढतात. हा खालून निवडून आलेला, अध्यक्षाला पाडू शकणारा बूथप्रमुख.

नागरिक नाही, मग मी काय करू?

इथल्या मराठी माणसांत हा प्रश्न सगळ्यात जास्त, म्हणून स्पष्ट लिहितो. या प्रायमऱ्यांत मत फक्त नागरिकाला. ग्रीन कार्डवाल्याने चुकून मतदार नोंदणीच्या फॉर्मवर सही केली आणि मत दिलं, तर देशाबाहेर काढण्यापर्यंत वेळ येऊ शकते. गाडीचा परवाना काढताना कोणी फॉर्म पुढे केला तरी वाचून मगच सही करा.

पैसे ग्रीन कार्डवाला देऊ शकतो. एच-वन व्हिसावाल्याला बंदी, एक डॉलरसुद्धा नाही, आणि बायकोच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या नावाने आपले पैसे देणं हाही गुन्हा. मात्र विनामोबदला प्रचारात मदत करायला, दारोदार जायला व्हिसाची आडकाठी नाही. निर्णय घेणाऱ्या वर्तुळात बसायचं नाही, एवढंच.

पण यात गडबडी होत नाहीत?

होतात. पहिला आक्षेप नेहमीचा: समोरच्या पक्षाचे लोक मुद्दाम येऊन दुबळा उमेदवार निवडतील. उघड्या दाराच्या राज्यांत हे शक्य आहे. २००० मध्ये मिशिगनच्या रिपब्लिकन प्रायमरीत जॉन मॅकेन यांनी जॉर्ज बुश यांना हरवलं ते बऱ्याच अंशी डेमोक्रॅट आणि अपक्ष मतदारांच्या जोरावर. पण शेजारच्या लग्नात जेवायला गेलात तर घरच्या लग्नात जेवण हुकतं. स्वतःच्या पक्षाचा नगरसेवक ठरवायचा सोडून दुसरीकडे जाणारे फार नसतात.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. कमी लोक येतात, आणि जे येतात ते कट्टर. मग उमेदवारही कट्टरांना खूश करतो. यावर माझ्याकडे खोडून काढणारं उत्तर नाही. लोक वाढले तर हे कमी होईल, पण लोक वाढत नाहीत, हेच तर दुखणं.

तिसरा खास मराठी प्रश्न: हरलेला बंडखोरी करत नाही? अनेक राज्यांत प्रायमरी हरलेल्याला नोव्हेंबरात अपक्ष म्हणून उभं राहायला कायद्यानेच मनाई किंवा अडथळे आहेत. न्यूयॉर्कमध्ये वाट मोकळी, म्हणून माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो जूनमध्ये ममदानींकडून हरूनही नोव्हेंबरात वेगळ्या पक्षाच्या नावाने उभे राहिले. पुन्हा हरले.

आपल्याकडे कोणी करून पाहिलं?

हो, काँग्रेसने, राहुल गांधींच्या आग्रहावरून, २०१४ च्या लोकसभेला. देशभरातल्या पंधरा-सोळा मतदारसंघांत. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर. पण तिथे मतदार म्हणजे पक्षाचेच पदाधिकारी आणि कार्यकर्ते, रस्त्यावरच्या माणसाला आत प्रवेश नव्हता. वर्ध्यातून सागर मेघे, लातुरातून दत्तात्रय बनसोडे निवडले गेले आणि मोदी लाटेत दोघेही पडले. बडोद्याची गंमत तर वेगळीच. नरेंद्र रावत प्रायमरी रीतसर जिंकले, मग तिथून नरेंद्र मोदी उभे राहणार असं ठरलं, रावत बाजूला झाले आणि पक्षाने मधुसूदन मिस्त्रींना उभं केलं. प्रायमरीचा निकाल पक्षावर बंधनकारक नसला की ती मुलाखतीचीच एक मोठी आवृत्ती होते. इथे तो कायद्याने बंधनकारक असतो, फरक तिथे आहे.

परवा अण्णांना हे सांगत होतो. सांगलीत महापालिकेची धामधूम नुकतीच उरकलेली. ते म्हणाले, "आमच्या वॉर्डात एकाच पक्षाचे चौदा इच्छुक होते. सगळ्यांचे बॅनर लागले होते चौकात. नंतर एका रात्रीत तेरा उतरले. कोणी उतरवले, काही कळलं नाही."

मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे त्या कमिटीच्या माणसाला किती मतं लागतात रे?"

आमच्या विभागात मागच्या खेपेला समोर कोणीच नव्हतं. एक मत पुरलं असतं.